नुसतं ‘आय५’ छापू नका, पुढचे चार आकडेही छापा

संपादक महाशय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात गेले काही महिने आतल्या पानांवर संगणकांच्या जाहिराती येत आहेत. त्यातली एक नेहमीची: ‘आय५ कॉम्प्युटर, ८ जीबी रॅम, टीव्हीला जोडा, घरीच ४के थिएटर’. किंमत ठसठशीत अक्षरांत आणि प्रोसेसरचं, म्हणजे संगणकाच्या मुख्य चिपचं, नाव अर्धवट. ‘आय५’ हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरच्या एका गटाचं नुसतं नाव. मध्यंतरी रविवारच्या पुरवणीत याच विषयावर एक लेखही आला होता. टीव्हीसाठी संगणक घ्यायचा तर निदान आय५ प्रोसेसर आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावर चित्र मांडणारं कार्ड) हवंच, असा त्यातला सल्ला. त्या जाहिरातीमुळे आणि त्या सल्ल्यामुळे लोकांचे पैसे वाया जाताना मी पाहतोय, म्हणून हे पत्र. जरा लांबलं आहे, पण शक्य तर काटछाट न करता छापावं.

मी सांगलीत विश्रामबाग भागात टीव्ही दुरुस्तीचं काम करतो, पिक्चर ट्यूबच्या काळापासून. आता पॅनेल गेलं की लोक सरळ नवा टीव्ही घेतात. त्यामुळे माझं निम्मं काम टीव्हीला जोडलेल्या वस्तूंचं झालं आहे: सेट टॉप बॉक्स, साउंडबार आणि अलीकडे संगणक. त्या कामावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. टीव्हीवर सिनेमा, नाटक आणि घरचे व्हिडिओ बघायला महाग प्रोसेसर लागत नाही, योग्य पिढीचा, म्हणजे योग्य काळात निघालेला लागतो. आणि नेमकी पिढीच जाहिरातीत लिहिलेली नसते.

टीव्ही स्मार्ट असताना संगणक कशाला, असं कोणी विचारेल. कारण साधं आहे. टीव्हीतली अ‍ॅप्स चार-पाच वर्षांत जुनी पडतात आणि कंपनी अपडेट द्यायचं बंद करते. पॅनेल ठणठणीत असतं, पण आतला मेंदू थकलेला असतो. शिवाय आपल्याकडच्या घरांत बघण्यासारखं जे आहे, ते सगळं अ‍ॅपवर नाही. १८४३ साली विष्णुदास भावे यांचं ‘सीता स्वयंवर’ ज्या गावात रंगभूमीवर आलं, त्या गावात मी राहतो. इथं कित्येक कपाटांत नाटकांच्या व्हीसीडींची चळत आहे. लग्नाच्या कॅसेटवरून उतरवलेल्या डीव्हीडी आहेत. परदेशातून मुलांनी पाठवलेले व्हिडिओ हार्ड डिस्कवर पडून आहेत. हे सगळं एका जागी, एका रिमोटवर आणणारा छोटा संगणक ही फार चांगली वस्तू आहे, आणि ती स्वस्तात होते. म्हणूनच ती चुकीची घेतली जाऊ नये, असं मला कळकळीनं वाटतं.

आता मुद्द्याचं. व्हिडिओची फाइल दाबून लहान केलेली असते. ती बघताना संगणकाला सेकंदाला पंचवीस-तीस, कधी साठ चित्रं उलगडून पडद्यावर मांडावी लागतात. हे काम दोन तऱ्हांनी होतं. एक तर प्रोसेसरचे सर्वसाधारण कोअर, म्हणजे त्यातले हिशेब करणारे भाग, राबून हिशेब करतात, नाहीतर प्रोसेसरच्याच आतल्या ग्राफिक्समध्ये या कामासाठी कोरून ठेवलेलं खास सर्किट ते काम करतं. खास सर्किट असेल तर काम चिमूटभर विजेत होतं आणि पंख्याचा आवाजही होत नाही. नसेल तर सगळे कोअर फेसाळतात, तरी चित्र अडखळतं. ते सर्किट कुठली दाबण्याची पद्धत ओळखतं, हे प्रोसेसर कधी तयार झाला यावर ठरतं. नाव आय३ की आय७, याच्याशी त्याचा संबंध फार थोडा.

एच.२६४ ही पद्धत २००३ ची. ती जवळपास सगळ्यांना येते. एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, ही २०१३ ची. त्याच वर्षीची गूगलची व्हीपी९, यूट्यूबवरचे ४के व्हिडिओ बहुतांशी तिच्यात असतात. त्यानंतर २०१८ ची एव्ही१. इंटेलच्या दुसऱ्या पिढीचे प्रोसेसर आले २०११ साली. त्यांच्या सर्किटला एचईव्हीसी माहीत असणं शक्यच नव्हतं, ती जन्मालाच आली नव्हती. म्हणजे २०११ चा आय७ घेतला तरी या कामात तो आंधळाच, आणि २०१७ चा साधा पेंटियम जी४५६० डोळस. दोन कोअरचा, जाहिरातीत कोणी नाव घेणार नाही असा हा पेंटियम १० बिट (८ बिटपेक्षा रंगांच्या जास्त छटा असलेलं) एचईव्हीसी ४के चित्र आरामात दाखवतो.

हे नुसतं पुस्तकी नाही. मिरजेचं एक निवृत्त शिक्षक दांपत्य माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी वर सांगितल्यासारखीच जाहिरात बघून एका दुकानातून ‘आय५’ घेतला. ४३ इंची ४के टीव्ही घरात होताच. मुलगी जर्मनीत असते. नातीच्या अरंगेत्रम्‌चा व्हिडिओ तिनं आयफोनवर काढून मूळ फाइलच पाठवली होती. बाईंचा फोन आला, “अहो, गाणं पुढं चाललंय आणि पोरगी अर्ध्या मिनिटापासून एका पायावर उभी आहे. टीव्ही बिघडला का?”

टीव्हीला काही झालं नव्हतं. मी डब्याची बाजू उघडली. आय५-२४००, २०११ चा, ९५ वॅटचा. माझ्याकडे लिबरइलेक या फुकट प्रणालीचा पेनड्राइव्ह नेहमी असतो. त्यात कोडी हा प्लेअर असतो आणि हार्ड डिस्कला हात न लावता संगणक त्यावरून चालू करता येतो. तसा केला, तीच फाइल लावली आणि कीबोर्डवरचं ‘ओ’ हे अक्षर दाबलं. पडद्याच्या एका कडेला माहिती उमटली. डीकोडरच्या, म्हणजे फाइल उलगडणाऱ्या भागाच्या, नावापुढं कंसात दोन अक्षरं होती, ‘एसडब्ल्यू’, म्हणजे सॉफ्टवेअर. खास सर्किट झोपलेलं, चारही कोअर शंभर टक्क्यांवर, पंखा घोंघावतोय आणि नात तशीच एका पायावर. आयफोन २०१७ पासून एचईव्हीसीमध्ये चित्रण करू शकतो आणि २०२० च्या आयफोन १२ पासून १० बिट एचडीआरमध्येही (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला टिपणाऱ्या प्रकारातही). ती फाइल नेमकी तसली होती. आणखी एक गोष्ट तिथंच दिसली. टीव्ही ४के होता, पण त्या पिढीचं ग्राफिक्स एचडीएमआयवरून फुल एचडीच्या फारसं पुढं जातच नाही. ‘घरीच ४के थिएटर’ हे शब्द त्या डब्याला लागूच नव्हते.

सरांनी दुकानात विचारलं, तर त्यांना सांगण्यात आलं की दोन जीबीचं ग्राफिक्स कार्ड टाका, म्हणजे झालं. मला हे सगळ्यात जास्त खटकलं. बाजारात स्वस्तात मिळणारं जीटी ७१० हे कार्ड लोक असं बसवून घेतात, आणि त्या कार्डातही एचईव्हीसीचं सर्किट नाही. जीटी १०३० मध्ये आहे, पण तेवढ्या पैशांत आख्खा जुना संगणक निघतो. ‘दोन जीबी’ हा आकडा इथं काहीच सांगत नाही. पेन्शनीतून पैसे घालणाऱ्या माणसाला दुसऱ्यांदा खर्चात पाडायचं, तेही ज्याचा उपयोग नाही अशा वस्तूसाठी, हे बरोबर नाही. त्या दिवशी मी सरांना कार्ड घेऊ दिलं नाही.

मग घ्यायचं काय? सेकंडहँड, म्हणजे ज्याला आता रिफर्बिश्ड म्हणतात, त्यात मी सातव्या पिढीवर रेघ मारतो. इंटेलच्या आय३, आय५, आय७ यांच्या क्रमांकात आडव्या रेघेनंतरचा पहिला आकडा म्हणजे पिढी. आय३-७१०० सातवी, आय५-६५०० सहावी. पाच आकडे असतील तर पहिले दोन धरायचे, आय५-१०४०० दहावी. सातव्या पिढीपासून १० बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ दोन्ही सर्किटमध्येच आले. सहाव्या पिढीत एचईव्हीसी आहे, पण पूर्णपणे सर्किटवर चालतो तो ८ बिटचाच. फरक एका आकड्याचा आणि ऑफिसांतून निघालेले डबे बाहेरून अगदी सारखे. काळा, वितभर, पुढं दोन यूएसबी. एकाच कंपनीचा, एकाच टेबलावर ठेवलेला सहाव्या पिढीचा आय५ आणि सातव्या पिढीचा आय३ असेल तर टीव्हीसाठी आय३ उचला. दुकानदार आय५ साठी हजार रुपये जास्त मागेल. ते या कामासाठी देऊ नका.

हे डबे आत्ता भरपूर निघत आहेत, त्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची नियमित मदत थांबवली, आणि सातव्या पिढीपर्यंतच्या बहुतेक प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. ऑफिसांना ते नकोसे झाले. टीव्हीखाली लिबरइलेक नाहीतर एखादं साधं लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) टाकून बसणाऱ्याला विंडोजची गरजच नसते, त्याला हीच पर्वणी. सरांसाठी मी आय३-७१००टी चा छोटा डबा घेऊन दिला, साडेआठ हजारांत, वर्षाच्या हमीसकट. ‘टी’ म्हणजे कमी विजेचा, ३५ वॅटचा प्रकार. विंडोज हवंच असेल तर मात्र आठव्या पिढीच्या खाली जाऊ नका. आय३-८१०० चांगला आहे, आणि त्याला चार पूर्ण कोअर आहेत.

नवीनच घ्यायचं असेल तर इंटेलचा एन१०० हा प्रोसेसर असलेले हातात मावणारे डबे बघा. २०२३ च्या सुरुवातीला आला, चार कोअर, सहा वॅट. यात एव्ही१ सुद्धा सर्किटवर चालतं, जे सातव्या-आठव्या पिढीत नाही. इंटेलनं पेंटियम आणि सेलेरॉन ही नावं लॅपटॉपच्या गटातून काढून टाकली, त्यामुळे याच्यापुढं आय३-आय५ असलं काही लिहिलेलं नसतं. दुकानात गिऱ्हाईक विचारतं, ‘हा आय किती?’ आणि उत्तर नसलं की नाक मुरडतं. जाणत्यानं नाक मुरडू नये. ज्याला मुख्यतः यूट्यूबवर ४के बघायचं आहे, त्याच्यासाठी माझ्या माहितीत हाच सर्वांत सरळ पर्याय. एन९५ हा त्याचाच भाऊ, ग्राफिक्स थोडं कमी आणि वीज थोडी जास्त, पण व्हिडिओच्या कामात फरक जाणवत नाही. जुन्या सातव्या पिढीवर यूट्यूब एव्ही१ पाठवून त्रास देत असेल तर फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये एव्ही१ बंद करता येतं. मग यूट्यूब मुकाट व्हीपी९ देतं.

इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी, तिचं थोडक्यात. अ‍ॅथलॉन ३०००जी आणि रायझन ३ २२००जी हे दोन्ही एचईव्हीसी १० बिट आणि व्हीपी९ नीट चालवतात, एव्ही१ नाही. नातवाला अधूनमधून गेम खेळायचे असतील तर २२००जी जास्त बरा. एएमडीच्या या जुन्या गटांत क्रमांकाच्या शेवटी ‘जी’ असेल तरच आत ग्राफिक्स असतं. रायझन ५ ५६०० आणि ५६००जी यांत चार हजारांचा फरक आहे की चारशेचा, हे न बघता जी वालाच घ्या, नाहीतर वेगळं कार्ड घालावं लागेल. इंटेलमध्ये उलट: शेवटी ‘एफ’ असेल तर ग्राफिक्स नाही. आय३-१२१०० घेतलात तर टीव्हीसाठी उत्तम, आणि वर मुलांचा अभ्यास, हिशेब, सगळं होईल. आय३-१२१००एफ स्वस्त म्हणून घेतलात तर मदरबोर्डवरच्या एचडीएमआयमधून चित्रच येणार नाही. असा डबा घेऊन ‘टीव्ही सिग्नल घेत नाही’ म्हणून माझ्याकडे माणसं आलेली आहेत.

प्रोसेसर ठरला की वायर. सातव्या पिढीच्या बहुतेक डब्यांचं एचडीएमआय ४के ला सेकंदाला तीस चित्रांवर थांबतं. सिनेमा चोवीसचा असतो, त्यामुळे सिनेमाला अडचण नाही. माउसचा बाण मात्र जडशीळ हलतो आणि क्रिकेटचे साठ चित्रांचे व्हिडिओ नीट दिसत नाहीत. अशा डब्याला बहुधा डिस्प्लेपोर्ट हे चित्राचं दुसरं तोंड असतं. त्यातून ‘अ‍ॅक्टिव्ह’ प्रकारचं, ४के ६० हर्ट्‌झ लिहिलेलं कन्व्हर्टर लावून एचडीएमआयला जायचं. दीडशे रुपयांचं साधं कन्व्हर्टर घेऊन उपयोग नाही.

आता ज्या गोष्टीबद्दल कोणीच लिहीत नाही आणि ज्यावर आपल्या घरातल्या चित्राचं सगळं भवितव्य असतं, त्याबद्दल. आपल्याकडे १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या वेळी रंगीत दूरदर्शन आलं ते पॅल पद्धतीचं. सेकंदाला पंचवीस चित्रं, आणि तीही अर्धी-अर्धी. आधी विषम ओळींचं अर्धं चित्र, मग सम ओळींचं, असं सेकंदाला पन्नास वेळा. ट्यूबच्या टीव्हीला हेच पोसत होतं. आमच्या पिढीनं टेबलावर ऑसिलोस्कोप ठेवून हे सिग्नल बघितले आहेत. कॅमेरावाल्यांनी लग्नं चित्रित केली ती याच पद्धतीनं, आणि डीव्हीडीवर ७२० बाय ५७६ मध्ये उतरवली तीही तशीच.

सपाट पॅनेल मात्र दोन्ही अर्धी एकदम दाखवतं. दोन अर्ध्यांमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर असतं, तेवढ्यात हात हललेला असतो. अंतरपाट दूर होतो, अक्षता उडतात आणि वधूच्या हाराभोवती, बोटांभोवती फणीसारखे दाते दिसतात. लोकांना वाटतं कॅसेटच खराब झाली. कॅसेट चांगली असते. कोडीत व्हिडिओ चालू असताना डीइंटरलेसिंगची, म्हणजे अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करण्याची, सेटिंग असते. ती सुरू करून बॉब किंवा मोशन अ‍ॅडॅप्टिव्ह प्रकार निवडला की दाते जातात आणि पन्नास अर्ध्या चित्रांची पन्नास पूर्ण चित्रं होतात. हालचाल पुन्हा ट्यूबवर दिसायची तशी सळसळीत. हे कामही ग्राफिक्समधलं सर्किटच करतं आणि वर सांगितलेला स्वस्तातला स्वस्त पेंटियमसुद्धा ते सहज करतो. २७ वर्षांपूर्वीचं लग्न मुलाला असं दाखवून झाल्यावर एका गिऱ्हाइकानं मला सांगितलं की आज्जीच्या नाकातली नथ इतकी स्पष्ट त्यांनी कधी पाहिली नव्हती.

दुसरी सेटिंग रिफ्रेश रेटची, म्हणजे टीव्ही सेकंदाला किती वेळा चित्र नव्यानं मांडतो त्याची. संगणक टीव्हीला आपोआप ६० हर्ट्‌झवर ठेवतो. पंचवीस चित्रं साठमध्ये सारखी वाटली जात नाहीत. काही चित्रं दोनदा दिसतात, काही तीनदा. नाटकाच्या व्हीसीडीत कॅमेरा एका विंगेपासून दुसऱ्या विंगेपर्यंत फिरला की चित्र ठेचकाळतं आणि श्रेयनामावली वर सरकताना थरथरते. कोडीच्या सेटिंगमध्ये प्लेअर, मग व्हिडिओ, तिथं ‘अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ हे ‘ऑन स्टार्ट/स्टॉप’वर ठेवायचं. मग नाटकाला टीव्ही आपोआप ५० वर जातो आणि सिनेमाला २४ वर. फार थोडे लोक हे करतात आणि करून दिलं की फरक सगळ्यांना दिसतो, तंत्र न कळणाऱ्यालाही. इथंही दुसरी पिढी नापास होते. परदेशी ब्लू-रे सिनेमे सेकंदाला २३.९७६ चित्रांचे असतात, त्या पिढीचं ग्राफिक्स बरोबर २४ देतं, आणि दर चाळीसेक सेकंदांनी चित्र एकदा हिसका खातं. एकदा तो डोळ्यांत भरला की पुढं सिनेमा बघवत नाही.

व्हीसीडीबाबत खोटी आशा दाखवत नाही. ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं चित्र ४३ इंचांवर धूसरच दिसणार. त्यात जे टिपलंच गेलं नाही, ते कुठलाही प्रोसेसर भरून देणार नाही. पण त्या तबकड्या आता खराब होऊ लागल्या आहेत, तेव्हा आधी त्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. जुना डीव्हीडी ड्राइव्ह त्यासाठी पुरतो.

आणि पैसे भरून बघायच्या ओटीटीबद्दल सरळ सांगतो: त्यासाठी संगणक घेऊ नका. चोरी रोखण्यासाठी या कंपन्या चित्राला कुलूप लावतात आणि पूर्ण दर्जाचं चित्र ठरावीक मान्यता असलेल्या उपकरणालाच देतात. लिनक्सवर तर ते मिळतच नाही, आत कितीही दांडगा प्रोसेसर असला तरी. विंडोजवरही अटी आहेत. त्यासाठी टीव्हीतलं अ‍ॅप चालत असेल तर ते, नाहीतर टीव्हीला मागून लावायची स्टिक. माझ्या घरी दोन्ही आहेत, टीव्हीला एचडीएमआयची तीन तोंडं असतात ती याचसाठी.

विजेचा हिशेबही मांडतो, कारण सेकंडहँड घेताना तो कोणी मांडत नाही. माझ्याकडे प्लगला लावायचं मीटर आहे. एन१०० चा डबा ४के सिनेमा चालवताना दहा-बारा वॅट घेतो. तो आय५-२४०० सॉफ्टवेअरनं डीकोड करताना नव्वदच्या वर गेला होता. ऐंशी वॅटचा फरक आणि रोज पाच तास टीव्ही, म्हणजे वर्षाला १४६ युनिट. आपापल्या बिलावरच्या दरानं गुणून बघा. शिवाय पंख्याचा आवाज. नाटकात एखादा नट क्षणभर थांबतो आणि ती शांतता ऐकायची असते, तिथं घरघर चालत नाही. खर्चाला कंजूषी करून एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, वेगवान डिस्क) टाळू नका, १२८ जीबीची पुरते. रॅम ८ जीबी ठीक, नुसतं कोडी असेल तर ४ सुद्धा.

दुकानात जाताना काय करावं? आपल्या फोनमधला सगळ्यात जड व्हिडिओ पेनड्राइव्हवर घ्या. दुकानदाराला तो लावायला सांगा, आणि विंडोज असेल तर टास्क मॅनेजर उघडायला सांगा. परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, निवडला की वरच्या कोपऱ्यात पूर्ण क्रमांक दिसतो, त्याचा फोटो काढा. तिथंच जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स, निवडलं की ‘व्हिडिओ डीकोड’चा आलेख असतो. व्हिडिओ चालू असताना तो आलेख वर चढला आणि सीपीयूचा खाली राहिला, तर वस्तू कामाची. नंतर यूट्यूबवर एखादा ४के व्हिडिओ लावून चित्रावर उजवी क्लिक करा, ‘स्टॅट्स फॉर नर्ड्‌स’ निवडा. तिथं किती चित्रं गळाली तो आकडा येतो. दोन-चार गळाली तर हरकत नाही, सारखी वाढत असतील तर नमस्कार करून बाहेर पडा. चांगला दुकानदार हे सगळं आनंदानं करून दाखवतो. आमच्या गावात असे दुकानदार आहेत, आणि अर्धवट जाहिरातींमुळे नुकसान त्यांचंही होतं. पूर्ण क्रमांक लिहिणाऱ्याचा सातव्या पिढीचा आय३ शेजारच्या बिनक्रमांकाच्या ‘आय५’पुढं फिका दिसतो.

म्हणून आपल्याकडे माझी मागणी आहे. जागेच्या जाहिरातीत आता रेराचा नोंदणी क्रमांक छापावा लागतो, तो नियम सरकारचा. संगणकासाठी तसा नियम येईपर्यंत थांबायचं कारण नाही. आपल्या जाहिरात विभागानं संगणकाची जाहिरात घेताना प्रोसेसरचा संपूर्ण क्रमांक मागावा, शेवटच्या अक्षरासकट, आणि तो किमतीच्या खालीच छापावा. पाच-सहा अक्षरांची जागा लागेल. सेकंडहँड असेल तर तसा शब्दही असावा. ‘४के’ लिहायचं असेल तर एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टवरून ते सेकंदाला किती चित्रांनी मिळतं, तो आकडा शेजारी असावा. जो हे द्यायला तयार नाही, त्याच्या जाहिरातीतून ‘होम थिएटर’ हे शब्द तरी काढायला सांगावेत. आणि पुरवणीत तो लेख लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे की पुढच्या भागात ग्राफिक्स कार्डाचा सल्ला त्यांनी दुरुस्त करावा. पडताळून बघायचं असेल तर माझ्या टेबलावर सहाव्या आणि सातव्या पिढीचे दोन डबे शेजारी-शेजारी जोडलेले आहेत, एकच फाइल दोन्हींवर लावून दाखवीन. दुपारी चार ते आठ मी दुकानात असतो.

आपला नम्र,
एक टीव्ही दुरुस्ती कारागीर,
विश्रामबाग, सांगली